विनोदी मालिकांतील गर्भित कौटुंबिक संदेश (खानदेशाच्या संदर्भात)

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका केवळ करमणूक करतात, की हसवता हसवता कुटुंब कसे असावे, घरात कोणाचा शब्द चालावा आणि कोणी मुकाट ऐकून घ्यावे याविषयीही काही सांगत असतात, हा समाजशास्त्र आणि माध्यमविद्या यांतील जुना प्रश्न आहे. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील, म्हणजे खानदेशातील, घरांना समोर ठेवून केला आहे. गर्भित संदेश म्हणजे लेखकाने मुद्दाम लपवून ठेवलेला उपदेश, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात असा संदेश बहुधा गृहीत धरलेला असतो आणि म्हणूनच तो लिहिणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. हसे कोणाचे होते, हसण्याचा अधिकार कोणाला असतो आणि भाग संपताना घराची विसकटलेली घडी कोणाच्या सोयीने पुन्हा बसते, हे पाहिले की तो सापडतो.

संदेश उघडपणे देण्याचा मोठा भारतीय प्रयोग विनोदी मालिकेचा नव्हता, तरी त्याचा दाखला येथे आवश्यक आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका मेक्सिकोतील दूरचित्रवाणी-निर्माते मिगेल साबिदो यांच्या पद्धतीवरून आखलेली होती आणि लहान कुटुंब, स्त्रियांचा दर्जा हे विषय तिच्यात हेतुपूर्वक गुंफलेले होते. सुरुवातीच्या भागांतील कुटुंबनियोजनाचा प्रचार प्रेक्षकांना जड वाटल्यामुळे तो पुढे सौम्य करावा लागला. भागाच्या अखेरीस अभिनेते अशोक कुमार पडद्यावर येऊन बोध सांगत. एवढे करूनही, ज्या सोशिक आईचे हाल पाहून प्रेक्षकांनी सोशिकपणाचा फेरविचार करावा अशी अपेक्षा होती, त्या भागवंतीलाच अनेकांनी आदर्श मानले, असे अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात आढळले. अमेरिकेतील ‘ऑल इन द फॅमिली’ या १९७१ साली सुरू झालेल्या विनोदी मालिकेबाबतही असेच घडले. तिच्यातील पूर्वग्रहदूषित कुटुंबप्रमुख आर्ची बंकर हा टवाळीचा विषय म्हणून रचलेला होता. परंतु १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिडमार व रोकीच यांच्या पाहणीनुसार, ज्यांच्या मनात तसेच पूर्वग्रह होते त्यांना तो आपला माणूस वाटला. विनोदाचा अर्थ पडद्यावर पूर्ण होत नाही, तो पाहणाऱ्याच्या घरात पूर्ण होतो, हे या दोन उदाहरणांवरून पुरेसे स्पष्ट होते.

मराठीत या प्रकाराची सुरुवात मुंबई दूरदर्शनपासून झाली. हे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिकेत दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला चिमणराव घरोघरी पोहोचला. घरातील कर्त्या पुरुषाचा अधिकार बराचसा नावापुरता असतो, हे त्या मालिकेने कोणालाही न दुखवता दाखवले. पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत, प्रभावळकर यांच्याच लेखनावर आधारलेल्या, तीन पिढ्यांचे घर आले आणि त्यातील आजोबा उपदेश करण्याऐवजी रोजनिशी लिहीत. वडीलधाऱ्याचा मान हुकूमत सोडून दिल्याने कमी होत नाही, हा या मालिकेचा खरा आशय होता. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी विनोदी मालिकांनी कुटुंबाविषयी सांगितलेल्या गोष्टींत तो सर्वांत मोलाचा आहे.

हिंदी मालिकांचा प्रभाव खानदेशात मराठीइतकाच पडला आणि त्यांतील दोन मालिकांकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. १९९५ साली झी टीव्हीवर आलेल्या ‘हम पाँच’ या मालिकेत पाच मुलींचा बाप अशोक सराफ यांनी रंगवला होता. पाच मुलींचे घर हसते-खेळते असू शकते, हे दृश्यच त्या काळी एक विधान होते. पण त्याच घरात स्त्रीमुक्तीची भाषा बोलणारी थोरली मुलगी मीनाक्षी ही मात्र तिच्या त्या भाषेमुळेच हास्यास्पद ठरवलेली होती, म्हणजे मुली हव्यात, त्यांनी हक्क मागणे मात्र हसण्यावारी न्यावे, असा दुहेरी आशय त्या घरातून बाहेर पडत होता. जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटातील दर १००० मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८८० होती आणि २०११ मध्ये ती ८४२ वर घसरली. या घसरणीचे खापर कोणत्याही मालिकेवर फोडता येत नाही. मात्र मुलीच्या बापाची तारांबळ हा विनोदाचा हक्काचा विषय जेथे पाहिला जातो, तेथील घरांची ही स्थिती आहे, याचा विसर पडू देणे योग्य नाही. २८ जुलै २००८ पासून चालू असलेल्या आणि ४००० हून अधिक भाग ओलांडलेल्या ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या मालिकेत म्हाताऱ्या बापाचा धाक, शेजारधर्म आणि सणवार यांचे उघड कौतुक आहे. विवाहित जेठालालचे शेजारणीवर भाळणे मात्र तिच्यात निरुपद्रवी गंमत म्हणून येते. हीच गंमत एखाद्या विवाहित स्त्रीच्या वाट्याला देता येईल का, असा प्रश्न केला की त्यातील गृहीतक उघडे पडते.

खानदेशाचा विचार येथे विशेष उपयोगी पडतो, कारण घरावर हसण्याची स्वतःची परंपरा या प्रदेशात दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीपासून आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसवतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात आणि गाण्यांतून सासू, सासरा, नणंद, नवरा यांची यथेच्छ थट्टा करतात. लग्नात विहिणीला चिडवणारी गाणी, जात्यावरच्या ओव्यांतील सासुरवासाचे टोमणे हा त्याचाच विस्तार होय. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची, निरक्षर असूनही तोंडी रचलेली, संसार आणि माहेर यांवरील कविता याच मातीत उगवली, आणि तिच्यातील मिस्कीलपणा बाहेरून आणलेला नाही. या सर्व विनोदात बोलणारी घरातली आंडेर (मुलगी) किंवा सून असते. तिच्या थट्टेने सासरची व्यवस्था मोडत नाही, सण सरला की तिला परत जावेच लागते, हे मान्य केले पाहिजे. तरीही निदान त्या चार दिवसांपुरते हसणे तिचे असते. मालिकेत हे नाते बहुधा उलटे होते: तेथे सून किंवा बायको ही विनोदाचा विषय असते आणि विनोद दुसरे कोणी करते.

तमाशातील गौळणीतल्या मावशीचे नातेही असेच तपासून पाहण्याजोगे आहे. लुगडे नेसलेला पुरुष मावशी म्हणून उभा राहतो आणि तिच्या मिषाने बायकांच्या स्वभावावर कोट्या होतात, ही रीत जुनी आहे. २०१४ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमातील पुरुषांच्या स्त्रीभूमिका तिच्याच वंशातील आहेत. मात्र जत्रेतील तमाशाच्या फडासमोर प्रामुख्याने पुरुष बसत. दूरचित्रवाणीने तीच कोटी मधघरात आणली, जेथे सासू, सून, नात आणि घरधनी एकाच सतरंजीवर बसलेले असतात आणि कोण हसले, कोण गप्प राहिले, हे प्रत्येकाला दिसते. विनोद तोच राहिला, श्रोते बदलले, आणि श्रोते बदलल्यामुळे त्याचा अर्थही बदलला.

मालिकेतील घर खानदेशी घरासारखे नसते, हा मुद्दा वरवरचा वाटला तरी दुर्लक्षणीय नाही. मध्यभागी सोफा आणि एक भिंत कॅमेऱ्यासाठी मोकळी, अशा दिवाणखान्यात कुटुंब म्हणजे त्या सदनिकेत राहणारी माणसे एवढाच अर्थ उरतो. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराच्या ओट्यावर मात्र कुटुंबात भाऊबंदही मोजले जातात. श्रावणातील कानबाई या खानदेशी लोकदेवतेच्या उत्सवाला ते गावोगावहून एकत्र येतात आणि रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, त्यांच्यातच खाल्ला जातो. त्या पद्धतीचेही गुणगान करण्याचे कारण नाही, कारण रोटासाठीचे धान्य अनेक कुळांत घरातील पुरुषांच्या संख्येवर मोजले जाते. भाषेचेही असेच: २०११ च्या जनगणनेत सुमारे १८.६ लाख लोकांनी मातृभाषा म्हणून खानदेशीची नोंद केली, त्यात अहिराणी येते, पण मालिकांत तिचा आवाज क्वचितच ऐकू येतो.

परिणामांविषयीच्या पुराव्यात रॉबर्ट जेन्सन व एमिली ऑस्टर यांचा २००९ मधील अभ्यास महत्त्वाचा आहे. बिहार, दिल्ली, गोवा, हरियाणा व तमिळनाडू येथील माहितीवरून, गावात केबल आल्यानंतर पत्नीला मारहाण करणे समर्थनीय मानण्याचे आणि मुलगाच हवा असे म्हणण्याचे प्रमाण घटले, असे त्यांना आढळले. त्यात महाराष्ट्र नव्हता आणि विनोदी मालिका वेगळ्या काढून पाहिलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्याचा आधार खानदेशासाठी जपूनच घ्यावा लागतो. निर्विवाद एवढेच की दूरचित्रवाणीचा परिणाम केवळ प्रतिगामी असतो, हे मत त्यापुढे टिकत नाही.

अलीकडे हातातील फोनवर पाहिल्या जाणाऱ्या अहिराणी विनोदी चित्रफितींनी हा विषय नव्याने उभा केला आहे. त्यांत घर खानदेशाचे आहे, बोली घरची आहे, सासू-सुनेची जुगलबंदी आणि दारुड्या नवऱ्याची फजिती आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हा त्यांतील आवडता विषय असून त्यात हसे बहुधा मुलाचे, त्याच्या मध्यस्थांचे किंवा नोकरदारच नवरा हवा म्हणणाऱ्या मुलीचे होते. २००१ च्या जनगणनेत ज्या मुलांच्या पिढीत १००० मागे ८८० मुली होत्या, तीच पिढी आज लग्नाच्या वयात आहे. त्या मुली कमी का पडल्या, हे या चित्रफितींतील कोणतेही पात्र सहसा विचारत नाही.