फुलपाखरांचं अभयारण्य आणि फुलपाखरांचं काचघर

घानातल्या कुमासीहून आक्राच्या रस्त्याला लागलं की कुबेआसे गाव येतं, आणि तिथून मातीच्या रस्त्यानं आत गेलं की बोबिरीचं जंगल. ‘फुलपाखरू अभयारण्य’ हे नाव ऐकून आलेला माणूस साहजिकच जाळीचा मंडप शोधतो. तो तिथे नाही. आहेत ती उंचच उंच झाडं.

फुलपाखरं दाखवायला उभारलेल्या काचघराचा हिशेब सोपा असतो. कोस्टा रिका, फिलिपिन्स, केनिया इथल्या फार्मवरून कोश विमानानं येतात. उबदार, दमट हवेत त्यांतून फुलपाखरं बाहेर पडतात, ताटलीतली कापलेली फळं चोखतात आणि बहुतेक दोन-तीन आठवड्यांत मरतात, की नवे कोश. सुरवंट सहसा नकोच असतात, कारण शोभेची झाडं फस्त होतील! तिकीट काढलं की फुलपाखरू दिसणारच.

बोबिरीत अशी हमी नाही. 1939 साली राखीव झालेलं, सुमारे 54 चौरस किलोमीटरचं हे वन घानाची वनसंशोधन संस्था सांभाळते. इथे फुलपाखरांच्या 400हून अधिक जाती नोंदल्या आहेत. आपल्या अख्ख्या पश्चिम घाटात साधारण 330-340. पण बोबिरीतली फुलपाखरं दिसायला ऊन लागतं. पक्षी बघणाऱ्यांसारखं उजाडता उजाडता पोचून फायदा नाही. वाटेवर ऊन उतरलं की युफीड्रा गटातली फुलपाखरं जमिनीलगत उडत येतात आणि गळून सडलेल्या फळांवर बसतात. कॅरॅक्सिस गटातल्या फुलपाखरांना फुलांचं फारसं कौतुक नाही; त्यांना सडकं केळं किंवा विष्ठा दिसली की झालं. अभ्यासक म्हणूनच कुजलेली केळी ठेवून सापळे टांगतात. आफ्रिकेतलं सगळ्यांत मोठं फुलपाखरू, पापिलिओ अँटिमॅकस, याच पट्ट्यातल्या जंगलांमधलं. पंखांचा पसारा वीस सेंटिमीटरच्या घरात. नर चिखलपानाला, म्हणजे ओल्या मातीतलं पाणी नि क्षार शोषायला, खाली उतरतात, मादी मात्र झाडांच्या शेंड्यांवरच राहते.

खरा फरक सुरवंटाच्या पानात आहे. सायमोथोई गटातल्या फुलपाखरांच्या बऱ्याच जातींचे सुरवंट रिनोरियाच्या झुडपांवरच वाढतात, आणि ही झुडपं मोठ्या झाडांच्या सावलीतली. कोकोच्या बागेसाठी खालचा झाडोरा साफ केला, की वरची चार झाडं राखूनही फुलपाखरू जातं. कोश विकत आणून हे भरून निघत नाही.

तरी फार्म म्हटलं की नाक मुरडू नये. केनियात, म्हणजे पूर्व आफ्रिकेत, अराबुको-सोकोके जंगलाकाठी 1993पासून ‘किपेपेओ’ प्रकल्प चालतो. गावकरी कोश वाढवून परदेशी काचघरांना विकतात, त्यामुळे जंगल राहण्यात त्यांचाही फायदा असतो. ठाण्याची ओवळेकर वाडी तिसऱ्याच प्रकारची: जाळी नाही, पण खाद्यवनस्पती मुद्दाम लावलेल्या, फुलपाखरं आपणहून येतात.

बोबिरीला जायचंच तर गाईड घ्या, उन्हाचा दिवस धरा, आणि फुलझाडं सोडून वाटेवरची ओल नि गळलेली फळं बघत चाला.