महाग बूट जास्त टिकतात? किंमत नको, सोल बघा

‘डिझायनर बूट महाग असतात, पण एकदा घेतले की आयुष्यभर बघायला नको,’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो खरा नाही. बूट किती टिकणार हे मुख्यतः सोल कसा जोडलाय यावर ठरतं. गुडइयर वेल्ट पद्धतीत बुटाच्या कडेने एक पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात. झिजला की टाके उसवून नवा बसवता येतो. नामांकित ब्रँडच्या कितीतरी बुटांचा सोल मात्र नुसता चिकटवलेला असतो. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा सोल तर न वापरता कपाटात ठेवला तरी हवेतल्या दमटपणाने काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटू शकतो, मग वर नाव कुणाचंही असो! डिझाइन आवडलं म्हणून पैसे मोजण्यात गैर काहीच नाही. टिकाऊपणासाठी मोजत असाल, तर आधी विचारा: याचा सोल बदलता येतो का?