कोमल गंधार कुठं गेला? म्युझिक मॅगझिनच्या पानामागचं थोडं विज्ञान

मी डीटीपीवाला. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक पंखा, एवढंच माझं दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, निवडणूक आली की हँडबिलं. मागच्या वर्षी एका संगीत क्लासचे सर वार्षिक अंकाचं काम घेऊन आले, चौसष्ट पानं, आणि म्हणाले स्मरणिका वाटायला नको, परदेशात ते म्युझिक मॅगझिन असतात ना तसं दिसलं पाहिजे. मी म्हणलं होय की सर, करून टाकू. आणि अंक छापून आला तेव्हा भीमपलास रागाच्या बंदिशीतला कोमल गंधार, म्हणजे खाली उतरवलेला ग, गायब. कोमल निषादही गायब.

झालं असं, की नोटेशनच्या, म्हणजे स्वर कागदावर लिहायच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते. सरांनी टाइप करून पाठवलेलं मॅटर मी लेआउटमध्ये साधा टेक्स्ट म्हणून पेस्ट केलं, आणि अंडरलाइन हे काय अक्षर नव्हे, ते फॉरमॅटिंग, ते वाटेतच गळालं. ग आणि नि शुद्ध झाले, म्हणजे काफी थाटातला (थाट म्हणजे रागांचा गट) राग माझ्या एका क्लिकनं सगळे स्वर शुद्ध असलेल्या बिलावल थाटात जाऊन बसला. सर काही बोलले नाहीत, नुसतं पेटीवर ते छापलंय तसं वाजवून दाखवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी जुने-नवे अंक, नेटवरची कव्हरं, जे मिळेल ते बघत सुटलो, की पानावरची ही प्रत्येक रेघ, ठिपका, मोकळी जागा तिथं का असते. मला वाटायचं ही सगळी फॅशन. तसं नाहीये, निम्म्याहून जास्त गोष्टी आपल्या डोळ्याच्या आणि कागदाच्या अडचणीतून आलेल्या आहेत.

कव्हरचंच बघा. सरांना कव्हरवर बारा फोटो पाहिजे होते, त्यांचे गुरुजी, तबलावाले, पेटीवाले, उद्घाटनाला आलेले नगरसेवक, फ्लेक्सवर असतात तसे गोल गोल. आता हात समोर ताठ करा आणि अंगठ्याचं नख बघा. आपल्याला खरं लख्ख दिसतं ते साधारण तेवढ्याच, दोनेक अंशांच्या टापूत. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक बारका खळगा आहे, तिथं तपशील टिपणाऱ्या पेशी दाटीनं बसल्यात, बाकी सगळं चित्र भुरकट असतं आणि डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारून ते भरून काढतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळंच स्पष्ट दिसतंय. स्टॉलसमोरून जाणारा माणूस कव्हरला देऊन देऊन किती वेळ देणार, दोन सेकंद. बारा चेहऱ्यांपैकी निम्मे बघायच्या आत तो पुढच्या रसवंतीत शिरलेला असतो.

एकच मोठा चेहरा असला की मात्र काम होतं. चेहरा दिसल्यावर साधारण १७० मिलिसेकंदांत मेंदूत विजेची एक खास लाट उठते, ती डोक्याला लावलेल्या तारांवर मोजता येते. आणि दोन ते पाच दिवसांची तान्ही बाळंसुद्धा, दुसरीकडं बघणाऱ्या चेहऱ्यापेक्षा आपल्याकडं रोखून बघणाऱ्या चेहऱ्याकडं जास्त वेळ बघतात, हा प्रयोग २००२ साली छापून आलाय. म्हणून कव्हरवरचा गायक आपल्या डोळ्यांत डोळे घालून बघत असतो. 'रोलिंग स्टोन' हे अमेरिकेतलं म्युझिक मॅगझिन सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं, त्याचा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा, त्याच्या पहिल्या पानावर सैनिकी हेल्मेट घातलेला बीटल्सचा गायक जॉन लेनन होता. तेव्हा ते वर्तमानपत्राच्या कागदावर निघायचं, पण कव्हरवर चेहरा ही सवय पुढं हाडात मुरली.

मासिकाचं नाव वरतीच का, तर एसटी स्टँडच्या स्टॉलवर जाऊन बघा. दोरीला चिमटे लावून अंक एकावर एक टांगलेले असतात, दिसते ती फक्त वरची चार बोटं. परदेशातल्या फळ्यांवर अंक आडवे एकावर एक सरकवून ठेवतात, तिथं डावी कड दिसते, म्हणून त्यांच्याकडं डावीकडच्या एक तृतीयांश भागात महत्त्वाचं सगळं कोंबतात. 'क्यू' नावाचं ब्रिटिश मासिक होतं, १९८६ ते २०२०, त्याचा लोगो म्हणजे लाल चौकोनात एक पांढरं अक्षर, डाव्या कोपऱ्यात, झालं.

आणि गायकाचं डोकं नावावर चढवतात, अर्धी अक्षरं झाकून, ते सरांना अजिबात पटेना. "अहो क्लासचं नाव कापलंय तुम्ही!" आता एक वस्तू दुसरीला झाकते तेव्हा झाकणारी पुढं आहे एवढं मेंदू आपोआप समजतो, सपाट कागदाला खोली येते, आणि झाकलेलं अक्षर मेंदूच पुरं करून घेतो. पण हे नाव आधीपासून ओळखीचं असेल तरच. पन्नास वर्षं चाललेल्या मासिकाला ते परवडतं, आमच्या सरांच्या क्लासला नाही. इथं सरांचं बरोबर होतं, मी डोकं खाली घेतलं.

आतल्या पानांवर कॉलम का असतात हेही डोळ्याचंच. वाचताना डोळा ओळीवरून सरपटत जात नाही, टप्पे घेत जातो, हे १८७० च्या दशकात फ्रान्समधल्या एमिल जावाल नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरनं मांडलं. एका टप्प्यावर पाव सेकंदाच्या आसपास थांबायचं, मग पुढची उडी. ओळ संपली की एक लांब उडी मागं, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, आणि ओळ जितकी लांब तितकी ही उडी चुकायची शक्यता जास्त, मग आपण तीच ओळ परत वाचतो. मी पहिल्या प्रूफात एका ओळीत सतरा शब्द ठेवले होते, सरांच्या बायकोनं वाचायला घेतलं आणि चष्म्याचा नंबर वाढला वाटतं म्हणाल्या. तीन कॉलम केले, नंबर उतरला. कॉलमच्या मधल्या मोकळ्या जागेलाही कारण आहे. नजरेच्या कडेला असलेलं अक्षर ओळखायचं तर शेजारची अक्षरं जरा लांब लागतात, किती लांब, तर ते अक्षर नजरेच्या मध्यापासून जेवढं दूर त्याच्या साधारण निम्मं. बाउमा या डच संशोधकानं १९७० ला हे सांगितलं. नवी पेठेतल्या पाट्या बघा, एकाला एक चिकटून पंचवीस, आणि आपल्याला पाहिजे ते दुकान समोर असून दिसत नाही.

आता चांदण्या. अल्बमच्या परीक्षणाखाली पाच चांदण्या असतात, त्यातल्या काही भरलेल्या. पाचच का, दहा का नाहीत? मूठभर शेंगदाणे घ्या, आपल्याकडं काय कमी नाहीत, त्यातले काही न बघता टेबलावर टाका आणि झटकन आकडा सांगा. तीन-चार असले तर न मोजता कळतं, पाचाला जरा डळमळतं, सात-आठ झाले की एकतर मोजावे लागतात नाहीतर ठोकून द्यावं लागतं. विल्यम स्टॅनली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं शेंगदाण्यांऐवजी बिया घेऊन स्वतःवरच हा प्रयोग हजारावर वेळा केला आणि १८७१ साली छापला, तीन-चारला एकदाही चुकला नाही, पाचापासून चुकायला लागला. म्हणून पाच चांदण्यांतल्या भरलेल्या किती आणि रिकाम्या किती हे पान उलटता उलटता कळतं. दहा काढा, मोजत बसावं लागेल. जिथं दहापैकी मार्क द्यायचे असतात तिथं सरळ आकडा छापतात.

मधल्या पानावरच्या पोस्टरला तर शुद्ध कागदाचं कारण. सेंटर पिनच्या अंकात प्रत्येक कागद दुमडून चार पानं होतात, म्हणजे चौसष्ट पानांना सोळा कागद, आणि समोरासमोरची दोन पानं एकाच अखंड कागदावर येतात ती फक्त अगदी मध्ये. बाकी कुठंही डावं पान एका कागदाचं, उजवं दुसऱ्याचं, फोटो जुळला तर जुळला. पोरं पिन उचकटून पोस्टर भिंतीवर लावू शकतात ती याच्यामुळं. दुमडलेले कागद एकात एक बसले की आतले बाहेर सरकतात, कागद ०.१ मिलिमीटर जाड धरला तर सोळाव्या कागदापर्यंत दीडेक मिलिमीटर, आणि कटिंगला तेवढं आतल्या पानांचंच कापलं जातं. आमच्या प्रेसचे मामा म्हणतात, मधल्या पानावर कडेला काही लिहू नको, मशीन खाऊन टाकतं.

रंगाचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं कारण ते सोलापूरकराला सांगावंच लागत नाही. मामांकडं एक भिंगाची काच आहे, ती छापलेल्या फोटोवर ठेवली की गायकाचा गाल नाहीसा होतो आणि नुसते निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसतात. इंचाला दीडशे ओळी ठिपक्यांच्या, म्हणजे एका ठिपक्यापासून दुसरा ०.१७ मिलिमीटरवर, आणि फूटभर अंतरावरून चांगल्या डोळ्याची ताकद जवळपास तिथंच संपते, मग डोळा ठिपके मिसळून टाकतो. आपली जॅकार्डची चादर जवळून बघा, लाल आणि पिवळा धागा वेगळा दिसतो, पलंगावर टाकून दारात उभं राहा, केशरी झाला. चादरीचं डिझाइन काढणारे आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरतात, चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याची एक गाठ, त्यावरून मागाच्या कार्डाला भोकं पडतात. छपाईत तोच चौकोन, नाव वेगळं, ठिपका.

चारही रंगांचे ठिपके एकाच तिरकसपणे ठेवले तर पानावर नको ती लहरी नक्षी उठते, दोन जाळ्या एकमेकांवर धरल्यावर दिसते तशी. म्हणून काळा ४५ अंशांवर, निळा १५, गुलाबी ७५, तिघांत तीस-तीस अंशांचं अंतर, आणि पिवळा शून्यावर, तो मुळात फिका, त्याचं भांडण कुणाला दिसत नाही. आणखी एक गोष्ट वीणकामातूनच कळली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात तक्रार यायची की काळा धागा फिका पडतो, तिथला रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल यानं तपासलं, रंग चोख होता, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळं काळा मळका दिसत होता. रंग एकटा कधीच दिसत नाही. रॉक-मेटलच्या मासिकांत काळ्यावर पांढरी अक्षरं असतात ती बघून मीही एक पान तसं केलं. चार शाईंचा काळा, त्यात एखादी प्लेट केसभर हलली, की पांढऱ्या बारीक रेषेत शाई घुसते. इंग्रजी अक्षर त्यातून तरून जातं, आपली शिरोरेघ पहिली बुडते. ते पान दुरून नुसत्या तुटक्या ठिपक्या-रेघांचं, जुन्या तारेच्या संदेशासारखं दिसत होतं.

हे नियम मोडणारेही झाले. डेव्हिड कार्सन हा अमेरिकन डिझायनर 'रे गन' नावाचं संगीत मासिक करायचा, गायक ब्रायन फेरीची मुलाखत त्याला इतकी रटाळ वाटली, की त्यानं १९९४ मध्ये ती सगळीच्या सगळी चिन्हांच्या फाँटमध्ये छापली, तारे, हात, कात्र्या, असलं. एक अक्षर वाचता येईना. पण अंकाच्या शेवटी तीच मुलाखत साध्या अक्षरांत दिली होती, हे लोक सांगायचं विसरतात.

आमच्याकडं मोडण्याची ऐपत नव्हती, कारण नोटेशन. त्रितालाच्या सोळा मात्रा म्हणजे आडव्या सोळा खणांची जाळी, चार-चारचे विभाग, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, फुली, नवव्या मात्रेला शून्य. पानावर छापायला १८ सेंटीमीटर मिळतात, म्हणजे मात्रेला जेमतेम ११ मिलिमीटर. ते दोन कॉलममध्ये टाकायचं म्हणलं तर साडेपाच राहतात, आणि तानेत एका मात्रेत चार स्वर आले की संपलं. म्हणून बंदिशीचं पान कॉलम सोडून अख्ख्या रुंदीचं. इथं सुंदर दिसणं दुसरं, खण एकाखाली एक येणं पहिलं, अर्धा खण सरकला तर शिकणारं पोरगं सम चुकतं.

आणि ठिपके! भातखंडे पद्धतीत डोक्यावर ठिपका म्हणजे तार, वरचं सप्तक, खाली म्हणजे मंद्र, खालचं. पलुस्कर पद्धतीत मंद्राचाच ठिपका डोक्यावर, तारेला उभी रेघ. तोच ठिपका, तीच जागा, आवाज वर की खाली हे पद्धतीवर. त्यात मराठीत डोक्यावरचा ठिपका अनुस्वार, त्यामुळं "सां" बघून नवीन प्रूफरीडरचा हात शिवशिवतो. मी आता प्रत्येक नोटेशनच्या पानावर कोपऱ्यात चिन्हांची चौकट टाकतो, तीन ओळींची. कुणी मागत नाही तरी टाकतो.

छापलेले पाचशे अंक टाकून द्यायची सरांची ताकद नव्हती, माझीही नव्हती. रविवारी क्लासमध्ये सतरंजी टाकून सगळी पोरं बसली, निळी बॉलपेनं आणि पट्ट्या, एकेका अंकात भीमपलासच्या पानावर ग आणि नि खाली रेघ मारायची, मीही बसलो. मधेच सुपारी, मधेच चहा. संध्याकाळी गठ्ठे बांधताना सरांनी एक अंक चाळला आणि हसायला लागले, एका पोरानं जोशात मध्यमाखालीसुद्धा रेघ मारली होती. कोमल मध्यम, जो स्वर मुळात नसतोच. किती अंकांत, ते अजून कुणी मोजलेलं नाही.