घटनास्थळावरील संदेशवहन (अग्निशमन)

घटनास्थळावरील संदेशवहन : आग, पूर, वायुगळती, इमारत कोसळणे अशा प्रसंगी प्रत्यक्ष जागेवर काम करणारे जवान, त्यांचे प्रमुख, पंपचालक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातील सांगण्या-ऐकण्याची शिस्तबद्ध पद्धत. बोललेला शब्द, बिनतारी संच (वॉकी-टॉकी), शिट्टी, हाताच्या खुणा, दोराचे हिसके, फलकावरील नोंदी आणि धावत जाऊन निरोप देणारा माणूस ही सर्व तिची साधने होत. संदेश पाठवला म्हणजे पोचला, असे या पद्धतीत धरत नाहीत. ऐकणाऱ्याने त्यातील मुख्य भाग स्वतःच्या तोंडाने परत म्हटला, म्हणजेच तो पोचला असे मानतात. ‘ठीक आहे’ किंवा ‘हो साहेब’ हे उत्तर पोच म्हणून ग्राह्य नाही. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे मुख्यतः कोल्हापूर शहर व परिसर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

वर्दी : आगीची पहिली खबर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर येते. ती घेणाऱ्याने ठिकाण, काय पेटले आहे, आत कोणी अडकले आहे का आणि फोन करणाऱ्याचा क्रमांक एवढे याच क्रमाने विचारावे. फोन मध्येच तुटला तरी ठिकाण हाती राहते. कोल्हापुरात ठिकाणाचा घोटाळा सहज होतो. राजारामपुरी आणि शाहूपुरी या दोन्ही वसाहतींत गल्ल्यांना क्रमांक आहेत. त्यामुळे ‘ओ, पाचव्या गल्लीत पेटलंय, लवकर या’ एवढ्यावरून बंब कोणत्या बाजूला काढायचा ते ठरत नाही. राजारामपुरी, राजाराम कॉलेज, राजाराम तलाव, राजाराम बंधारा यांचा आरंभ एकच. खरखरत्या संचावर पहिला अर्धाच शब्द ऐकू आला, तर चारही ठिकाणे सारखीच. शिवाजी पेठ, शिवाजी चौक, शिवाजी पूल, शिवाजी उद्यमनगर यांचेही तसेच. म्हणून वसाहतीचे नाव आणि दोन खुणा (एक तालीम किंवा देऊळ, एक चौक) परत म्हणून घेतल्याशिवाय वर्दी पूर्ण झाली असे समजू नये. पेठांत लोक घरक्रमांकापेक्षा तालमीच्या नावाने पत्ता सांगतात, तेव्हा तालमींची नावे नियंत्रण कक्षाच्या नकाशावर असणे गरजेचे ठरते.

पहिला वृत्तांत : पहिला बंब पोचताच त्यावरील प्रमुखाने ‘पोचलो’ एवढेच कळवणे अपुरे आहे. काय दिसते, आम्ही काय करतो आहोत आणि काय हवे, या तीन गोष्टी एका दमात सांगाव्यात. नमुना असा : ‘कंट्रोल, बंब एक. गुजरीत पोचलो. दोन मजली लाकडी वाडा, वरच्या मजल्यातून धूर, जाळ दिसत नाही. आत दोन माणसे असल्याचे शेजारी सांगतात. एक लाईन (पाण्याची नळी) घेऊन आत जातोय. आणखी एक बंब आणि टँकर पाठवा. गल्लीत दुसरा बंब शिरणार नाही, तो रस्त्यावरच थांबवा.’ यावर नियंत्रण कक्षाने ‘गुजरी, वाडा, दोन माणसे, एक बंब, एक टँकर, रस्त्यावर थांबवणे’ असे परत म्हणावे. ‘शेजारी सांगतात’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवले नाही, तर माणसे आधीच बाहेर आलेली असतानाही जवान आत शोध घेत राहतात. पुढील वृत्तांत साधारणपणे दर १० ते १५ मिनिटांनी, तसेच स्थिती बदलताच द्यावा. आणखी मदत नको अशी खात्री झाल्यावर ‘स्टॉप’ संदेश देतात. मुंबईत आगीची तीव्रता ‘लेव्हल’च्या क्रमांकाने कळवण्याचा प्रघात आहे.

उगम व मतभेद : भारतीय दलांची कवायत व संदेशांचे साचे बव्हंशी ब्रिटिश परंपरेतून आले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झाले व पुढील वर्षी नागपूरला हलवण्यात आले. साच्यांचा प्रसार मुख्यतः तेथील प्रशिक्षणातून झाला असावा. अपुऱ्या संदेशाचे भारतातील सर्वांत दारुण उदाहरण म्हणून १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटाकडे बोट दाखवले जाते. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर स्फोटके असूनही त्याचा इशारा देणारा लाल बावटा लावलेला नव्हता. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

आत गेलेल्या जवानांची बाहेर नोंद ठेवण्याच्या, म्हणजे बिल्ला-फलकाच्या पद्धतीचा उगम कोणता याबद्दल एकमत नाही. जवान आपल्या श्वसनसंचाचा (बी.ए. सेटचा) बिल्ला दारावर देतो, त्यावर नाव, सिलिंडरचा दाब व आत जाण्याची वेळ असते, फलक सांभाळणारा संचाची, हवा संपत आल्याचा इशारा देणारी शिट्टी वाजण्याची वेळ काढून ठेवतो. ही रीत लंडनच्या १९४९ मधील कॉव्हेंट गार्डन बाजाराच्या आगीपर्यंत मागे नेली जाते. १९५६ मध्ये गूज स्ट्रीट येथील भूमिगत निवाऱ्याला लागलेल्या आगीनंतर ती प्रायोगिक स्वरूपात वापरात आली असावी. जानेवारी १९५८ मध्ये स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघरांच्या चक्रव्यूहात दोन अग्निशामक दगावले आणि त्याच वर्षी निघालेल्या सरकारी परिपत्रकाने बिल्ले, नियंत्रण-ठाणे, कमी दाबाचा इशारा व संकट-सूचक यंत्र यांची एकत्रित शिफारस केली. दुसरीकडे, खाणीत उतरणाऱ्याने बिल्ला ठेवून जाण्याची रीत १९ व्या शतकापासूनची आहे आणि प्रारंभीचे श्वसनसंचही खाण-बचावासाठीच घडवले गेले होते. त्यामुळे संचाबरोबर बिल्लाही खाणीतूनच आला, असे म्हणण्यास जागा आहे. कल्पना जुनी असली, तरी फलक, घड्याळ आणि त्यासाठीच नेमलेला माणूस ही तिन्ही अंगे १९५८ मध्ये एकत्र आली. तेव्हा आजच्या पद्धतीचा आरंभ तेथून मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

दुसरा वाद ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कमधील घटनेचा. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात संदेश उंचावर पोचवणारे रिपीटर यंत्र बिघडले होते, असा प्रथम समज होता. चौकशी आयोगाच्या २००४ च्या अहवालानुसार यंत्र चालू होते, मात्र मुख्य हँडसेटवरून बोलण्यासाठी लागणारे दुसरे बटण दाबलेच गेले नव्हते. चाचणीत एकमेकांचा आवाज न आल्याने प्रमुखांनी यंत्र निकामी मानले. दक्षिण मनोरा ९.५९ ला व उत्तर मनोरा १०.२८ ला कोसळला. मधल्या वेळात बाहेर पडण्याचा आदेश निघाला, तरी तो सर्वांपर्यंत पोचला नाही. संचांचा दोष हे मृत्यूंचे एक कारण असले तरी मुख्य कारण नव्हते, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. काही जण वेगळ्या चॅनेलवर होते, काहींजवळ संचच नव्हता, काही आदेश ऐकूनही इतरांना मदत करत थांबले. हा निष्कर्ष ग्राह्य धरल्यास, नवा संच घेण्यापेक्षा आहे त्या संचाची पाळी बदलताना रोज चाचणी घेणे अधिक मोलाचे ठरते.

एकाच प्रमुखाच्या हाताखाली कामाची विभागणी करणारी घटना-नियंत्रण पद्धती १९७० च्या कॅलिफोर्नियातील वणव्यांनंतर आकाराला आली. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तत्सम मार्गदर्शिका काढली. एका प्रमुखाला थेट बोलणारे ३ ते ७, शक्यतो ५ जण असावेत, हे या पद्धतीचे सूत्र संदेशवहनाच्या दृष्टीने कळीचे आहे.

हवा, पाणी आणि वेळ : ६ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की त्यात सुमारे १,८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर हा हिशेब धरल्यास ती ४५ मिनिटे पुरते. जिना चढत लाईन ओढणारा जवान मिनिटाला ६० लिटरही घेतो, मग ३० मिनिटेच. इशाऱ्याची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते. म्हणजे जड कामात शिट्टीपर्यंत २४ मिनिटे, आणि त्यानंतर जेमतेम ५. शिट्टी वाजल्यावर निघणे म्हणजे उशीर करणे होय. आत पोचेपर्यंत ६० बार खर्च झाले असतील, तर परतीचे ६० आणि शिट्टीचे ५५ राखून ११५ बारला मागे फिरावे. हा आकडा आत शिरण्यापूर्वी दारावरच्या माणसाला सांगता येत नाही, म्हणून आत पोचताच दाब कळवणे आवश्यक असते. अंगावरचे संकट-सूचक यंत्र सुमारे ३० सेकंद हालचाल न झाल्यास कर्कश वाजू लागते. विसाव्याला थांबलेल्या जवानाचेही ते वाजते, आणि असे वारंवार झाले की इतर जण त्याकडे दुर्लक्ष करू लागतात.

पाण्याचाही हिशेब बोलून दाखवावा लागतो. ४,५०० लिटरच्या टाकीतून मिनिटाला ४५० लिटर जात असतील, तर १० मिनिटांत टाकी रिकामी होते. पंपचालकाने ‘अर्धी टाकी’ हा संदेश न विचारता द्यावा. तो मिळाल्यावर आतल्यांना ५ मिनिटे उरतात. ‘पाणी वाढवा’ हा आदेश मोघम आहे. ‘पंप, ब्रँच एक. दाब दोन बार वाढवा’ असे म्हणावे (ब्रँच म्हणजे नळीच्या टोकाचे पाणी फेकणारे तोंड). १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब खर्च होतो, हे चालकाला ठाऊक असते. ब्रँच कितव्या मजल्यावर गेली हे मात्र त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

बिनतारी संच : बटण दाबून एक सेकंद थांबावे, मग बोलावे, संच तोंडापासून ३ ते ५ सेंमी. अंतरावर धरावा. मास्क घातला असल्यास तो मास्कच्या आवाजपडद्यासमोर धरावा. ओरडल्याने आवाज फाटतो व शब्द हरवतात. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले, तर दोघांनाही ते कळत नाही, बाकीच्यांना मात्र किंचाळी तरी ऐकू येते किंवा जवळच्या संचाचाच आवाज येतो. डिजिटल संचातील आवाज-संकेतक (आवाजाचे अंकांत रूपांतर करणारे भाग) माणसाचा आवाज व गोंगाट यांत गल्लत करतात. शिट्टी वा करवत चालू असताना बोलणे ओळखू येईनासे होते, याकडे अमेरिकेतील अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने २००८ मध्ये लक्ष वेधले. पत्र्याच्या शेडमध्ये व तळघरात रिपीटरवर विसंबण्याऐवजी संच-ते-संच थेट चॅनेल वापरणे बरे. तेही न लागल्यास जिन्याच्या वळणावर निरोप्या उभा करावा. वायुगळतीच्या जागी स्फोटरोधक प्रमाणित संचाखेरीज इतर संच वा मोबाइल वापरू नये.

संच निकामी झाल्यास दोराच्या हिसक्यांची खूण उरते : एक – ठीक, दोन – पुढे जातो, तीन – दोर आवरा, चार – मदत. बाहेर पडण्याच्या इशाऱ्यासाठी शिट्टीचे एकामागोमाग तुटक आवाज राखून ठेवावेत, आणि ती शिट्टी अन्य कशासाठीही वाजवू नये.

मराठीतील आदेश : या अंगाकडे प्रशिक्षणात पुरेसे लक्ष दिले जात नाही. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘पाणी सोडू नका’ म्हणताना बटण अर्धा सेकंद लवकर सुटले, तर पलीकडे ‘पाणी सोडू’ एवढेच पोचते आणि अर्थ उलटतो. म्हणून मनाई ‘थांबा’ने सुरू करावी : ‘थांबा, पाणी बंद ठेवा.’ ‘ओढ’ आणि ‘सोड’ हे दोराचे दोन विरुद्ध आदेश मास्कमधून जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्याऐवजी ‘खेच’ आणि ‘ढील दे’ म्हणावे. सात, आठ, साठ यांची तशीच गल्लत होते. एकोणतीस व एकोणचाळीस यांतला फरक मधल्या एक-दोन अक्षरांवर अवलंबून असतो. म्हणून आकडे सुटे म्हणावेत : ‘दाब एक-एक-पाच’. ‘भावा, पाणी दे’ हे समोरासमोर चालते, पण चॅनेलवर प्रत्येकजण कोणाचा तरी भावा असतो. तेथे हाक नावाने वा नात्याने न देता कामाने द्यावी : ब्रँच दोन, पंप, कंट्रोल. आधी ज्याला बोलवायचे तो, मग स्वतः.

स्थानिक प्रकार : जुन्या पेठांतील लाकडी वाडे व मोठ्या आढ्याची सभागृहे यांत छप्पर खचण्यापूर्वी बाहेर काढण्याचा संदेश निर्णायक असतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झालेले, राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह (मूळ पॅलेस थिएटर, १९१५) हे अशा बांधणीचे उदाहरण होय. अशा ठिकाणी बाहेर छप्पर पाहणारा एक जण नेमावा आणि त्याला थेट इशारा देण्याचा अधिकार असावा.

शिरोली, गोकुळ शिरगाव व उद्यमनगरातील फौंड्रींत वितळलेले लोखंड १,४०० अंश से. च्या वर असते. त्याखाली पाणी अडकले तर वाफ होऊन सुमारे १,७०० पट फुगते आणि धातू उडवते. तेथे पहिला प्रश्न भट्टी-पर्यवेक्षकाला विचारावा आणि त्याला शेवटपर्यंत प्रमुखाजवळच उभे करावे. ‘सगळी वीज तोडा’ हा सरसकट निरोप येथे घातक ठरू शकतो. इंडक्शन भट्टीच्या कॉइलला थंड ठेवणारे पंपही त्याने थांबतात. कोणता फीडर (वीजवाहिनी) बंद केला हे महावितरणच्या वा कारखान्याच्या अधिकृत माणसाकडून नावानिशी ऐकावे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत अल्कोहोलची ज्योत उन्हात दिसत नाही. त्यामुळे तेथे ‘जाळ दिसत नाही’ या संदेशाचा अर्थ ‘विझले’ असा घेऊ नये. एमआयडीसी, कारखाने व महापालिका यांचे बंब एकत्र आल्यास चॅनेल जुळत नाहीत. प्रत्येक दलाचा एक माणूस आपल्या संचासह प्रमुखाच्या शेजारी उभा करणे हा त्यावरचा साधा व खात्रीचा उपाय आहे.

पुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फूट व इंचांत मोजतात. ३९ फूट इशारा-पातळी, ४३ फूट धोका-पातळी. २०१९ मध्ये ती ५५ फुटांपलीकडे गेली होती. पातळी कळवताना आकड्याबरोबर वेळ सांगावी, अन्यथा तासाभरापूर्वीचा आकडा ताजा समजून बोटी धाडल्या जातात. वाहत्या पाण्यात इंजिनाच्या आवाजामुळे संच ऐकू येत नाही, म्हणून शिट्टी वापरतात : एक – लक्ष द्या, दोन – वरच्या अंगाला पाहा, तीन – खालच्या अंगाला पाहा, सलग – मदत. संच प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्यास पिशवी ध्वनिग्राहकावर ताणलेली असावी. सैल पिशवीच्या खसखशीत शब्द बुडतात. बोटीत किती जण घेतले हे निघताना आणि किती उतरवले हे काठावर पोचल्यावर, दोन्ही वेळा मोठ्याने मोजून कळवावे.