शंका काढणं म्हणजे अश्रद्धा?

आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर रांगेत एका मुलीने आजीला विचारलं, "देव सगळीकडे आहे, मग रांग कशाला?" मागच्या काकूंनी दटावलं, "देवाधर्मात शंका काढू नये. गीतेतच आहे, संशयात्मा विनश्यति."

आहे खरं, चौथ्या अध्यायात, ४०वा श्लोक. पण सहाच श्लोक आधी, ३४व्यात, ज्ञान कसं मिळवावं ते कृष्णच सांगतो: 'प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया'. नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध प्रश्न! आणि ४२व्यात संशय दडपायला नव्हे, ज्ञानाच्या तलवारीने तोडायला सांगतो. तिसऱ्या अध्यायात तर अर्जुन सरळ म्हणतो, तुझ्या बोलण्याने मी गोंधळलोय. कृष्ण चिडत नाही, उत्तर देतो.

आजीनेही दिलं. तुळशीची माळ नातीच्या हातात ठेवून, रांग सरकेपर्यंत.