डोळ्याची नस कापत नाहीत

‘डोळ्याच्या नसेचं ऑपरेशन केलं का नजर गेलीच समज, नसच कापतात न ते!’ यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते साफ चूक आहे, आणि त्या भीतीपायी तरण्या बायांची नजर जाते.

डोक्यातला दाब वाढला की मेंदूभोवतीचं पाणी डोळ्यामागच्या नसेच्या आवरणात दाटतं, नस सुजते. वाकून उठताना काही सेकंद अंधारी येते, डोकं दुखतं, कानात नाडीच्या तालावर सूं-सूं होतं. गावात अशक्तपणा म्हणून सलाईन लावतात.

एमआरआयनंतर कमरेतून पाणी काढून दाब मोजतात. गाठ किंवा गुठळी निघाली तर उपचार वेगळा. नसेल तर बहुतेकांना अ‍ॅसिटाझोलामाइडच्या (मेंदूभोवतीचं पाणी कमी करणाऱ्या) गोळ्या आणि वजन उतरवणं पुरतं. तरीही नजर घसरत असेल, तर सर्जन नसेच्या आवरणाला काही मिलिमीटरची खिडकी पाडतो. पाण्याला वाट मिळते, नस अखंड राहते. काहींना शंट बसवतात. ती नळी पाणी पोटात सोडते, पण तुंबूही शकते.

धोका आहेच: काही दिवस एकाचे दोन दिसतात, क्वचित नजरही जाते. पण नस आधीच सुकली असेल, तर कुठल्याच ऑपरेशनने गेलेली नजर परत येत नाही.