संदेशफाइलींचा शोध (सॉफ्टवेअर स्थानिकीकरण)

चालू असलेला प्रोग्राम आपल्या संदेशांची भाषांतरे डिस्कवर नेमकी कुठून उचलतो, ते ठरवणारी पद्धत. लिनक्सवर हे काम बहुधा ग्नू गेटटेक्स्ट हा साधनसंच करतो. भाषांतरकार मजकूर पीओ या साध्या मजकूर-फाइलीत लिहितो, एमएसजीएफएमटी हे साधन त्यापासून संगणकासाठीची एमओ फाइल बनवते आणि प्रोग्राम वाचतो ती एमओच.

समजा, सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्यासाठी 'चादर' नावाचा बिलांचा प्रोग्राम लिहिला आहे. त्याची मराठी फाइल '/युएसआर/शेअर/लोकेल/एमआर/एलसी_मेसेजेस/चादर.एमओ' इथे असायला हवी. यातले शेवटचे नाव म्हणजे डोमेन. ते 'टेक्स्टडोमेन' या फंक्शनने ठरते, तर सुरुवातीचे फोल्डर 'बाइंडटेक्स्टडोमेन'ने. हे फोल्डर पूर्ण पत्त्यानिशीच द्यावे. अर्धवट पत्ता दिला, तर प्रोग्राम दुसऱ्या फोल्डरातून चालवताच भाषांतर सापडेनासे होते.

संगणकाची भाषा 'एमआर_आयएन.यूटीएफ-८' (मराठी, भारत आणि अक्षरांची सांकेतिक पद्धत) अशी असेल, तर आधी त्याच नावाचे फोल्डर पाहिले जाते, मग 'एमआर_आयएन' आणि सरतेशेवटी नुसते 'एमआर'. म्हणून मराठी फाइल 'एमआर'मध्ये ठेवणेच शहाणपणाचे.

भाषा ठरवताना लँग्वेज, एलसी_ऑल, एलसी_मेसेजेस आणि लँग ही व्हेरिएबल्स (प्रणालीत नावानिशी साठवलेली मूल्ये) याच क्रमाने पाहिली जातात. पहिल्यात कोलन घालून एकापेक्षा जास्त भाषा देता येतात, आणि सोलापूरला ही सोय फार मोलाची आहे. इथल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू बोलतात, कर्नाटकाची हद्द जवळ असल्याने कन्नडही कानावर पडते आणि मराठी तर सगळीकडेच. लँग्वेजमध्ये 'टीई:एमआर' (आधी तेलुगू, मग मराठी) लिहिले, तर तेलुगू फाइलीत नसलेला संदेश मराठीतून घेतला जातो. ही निवड फाइलीगणिक नाही, संदेशागणिक होते. 'उधारी बाकी' तेलुगूत झाले आणि 'मागणी रद्द' राहून गेले, तरी विणकराला दुसरे वाक्य मराठीत वाचता येते. अर्धे झालेले भाषांतरही त्यामुळे वापरात आणता येते.

फाइल सापडली नाही, तर चूक कळवली जात नाही. मूळ वाक्य, म्हणजे बहुधा इंग्रजी, तसेच पडद्यावर येते. पाहणाऱ्याला वाटते, मराठी झालेलेच नाही, आणि भाषांतरकाराच्या मेहनतीवर पाणी पडते. हमखास आढळणारे कारण म्हणजे फाइल जागेवर असते, पण संगणकावर मराठी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या नियमांचा संच, तयार केलेले नसते. मग प्रोग्राम 'सी' या मूळच्या, भाषांतर नसलेल्या लोकेलवरच राहतो आणि तिथे लँग्वेजमधली यादी विचारातच घेतली जात नाही. आधी 'लोकेल -ए' ही आज्ञा देऊन यादीत मराठी आहे का ते पाहावे. ती असूनही इंग्रजीच दिसत असेल, तर प्रोग्राम एसट्रेस या, प्रोग्रामच्या हालचाली नोंदवणाऱ्या साधनाखाली चालवावा. प्रोग्राम कोणकोणत्या पत्त्यांवर फाइल उघडायला गेला, ते ओळीने दिसते. त्यात 'चादर.एमओ'चे नावच नसेल, तर प्रोग्रामने बहुधा सुरुवातीला 'सेटलोकेल' हे लोकेल लागू करणारे फंक्शन बोलावलेले नसते.